बाबांचा थांबलेला पाय

मुलगा चाकणच्या कंपनीतून शिफ्ट करून आला की त्याच्या शर्टाला ऑइलचा वास येतो, आणि मला बाबा आठवतात. प्रेस मशीनमध्ये त्यांची बोटं गेली, त्या वर्षी जयंतीला वस्तीत त्यांची ढोलकी मी वाजवली. ते समोर बसून पायानं ठेका देत होते. मी भीतीनं त्या पायावरच नजर ठेवून वाजवत होते. मधेच पाय थांबला.

"पाय वाजवतोय व्हय ढोलकी? आतून ऐक, बाई," ते म्हणाले.

मी डोळे मिटले. ठेका सुटला नाही.

तेव्हा वाटलं, ते मला शिकवतायत. आता वाटतं, आपली ढोलकी दुसऱ्याच्या हातात बघून त्यांचा पायच चालेना.

मुलगा ताटावर बोटं वाजवत बसलाय. भाकरी थापताना मी त्याची बोटं बघते.