मागणीच्या दिवशीचा ओला जिना

रेमीलेकुन कोकरचा तिच्या घराच्या जिन्यावर भारी जीव. खाली दगडी तळमजला, वर लाकडी माडी, आणि रस्त्यावरून थेट दिवाणखान्याच्या दाराशी नेणारा हा बाहेरचा जिना. फ्रीटाऊनच्या त्या चढणीच्या गल्लीत अशी घरं आता फार उरली नव्हती. दर शनिवारी ती राख आणि लिंबू घेऊन पायऱ्या घासायला बसायची, घासता घासता स्तोत्रं म्हणायची, आणि एखादी पायरी कुरकुरली तर मध्येच म्हणायची, "हो गं बाई, माझेही गुडघे असेच बोलतात." नवरा देवाघरी गेल्यावर शिवणयंत्राच्या जोरावर तिने एकुलत्या एका लेकीला, आयोदेलेला वाढवलं. देवाखेरीज कुणापुढे तिने हात पसरला नाही.

त्या आयोदेलेचं थॉर्पांच्या मुलाशी, ओलुफेमीशी जुळलं. सगळं गोड होतं, फक्त ओलुफेमीची आत्या तिखट होती. ही आत्या, ओरेदोला थॉर्प, पहिल्यांदा घरी आली, वर चढताना तिने कठड्याला हात घातला आणि कठड्याचा एक दांडा उखडून तिच्या मुठीत आला.

"देवा रे! जिना आहे की उंदराचा सापळा?" दांडा हातात धरूनच ती दिवाणखान्यात शिरली. "रेमीबाई, मागणीचा कार्यक्रम आपण हॉलमध्ये करू. माझी माणसं धडधाकट आहेत, त्यांना तसंच परत न्यायचंय मला."

रेमीलेकुनने शांतपणे तिच्या हातातला दांडा घेतला. "मुलगी मागायला येतात ते तिच्या घराच्या दाराशी येतात, आँटी. हॉलच्या नव्हे."

"दारापर्यंत पोचलो तर ना!"

"पोचाल."

"बरं. पण त्या दिवशी एक जरी पायरी हलली, तर माझी माणसं तिथूनच हॉलकडे वळतील. मग बोल लावायचा नाही."

रेमीलेकुनला हे झोंबलं. तिची स्वतःची मागणी याच दाराशी झाली होती, तिच्या आईचीही. लेकीला भाड्याच्या छपराखाली मागून न्यावं, हे तिला नुसतं मनात आणवत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी तिने सिल्व्हेनस सुताराला बोलावलं. माणूस कामाला चोख, पण तोंड रंध्यापेक्षा जास्त चालायचं. त्याने एकेका पायरीवर टाच आपटून पाहिली आणि जाहीर केलं, "बाई, लाकूड अजून तरुण आहे. सांधे तेवढे म्हातारे झालेत. हा जिना मी असा करतो की वरून नवरीच काय, हत्ती उतरवा!"

"हत्ती नको. ओरेदोला थॉर्प चढली म्हणजे झालं."

"अरे बापरे," सिल्व्हेनस म्हणाला. "मग खिळे जरा लांब घेतो."

कुजलेल्या पायऱ्या निघाल्या, नव्या बसल्या. ढिल्या सांध्यांत पाचरी ठोकल्या, कठड्याचे दांडे घट्ट झाले. रविवारी मात्र तिने हातोडीला हात लावू दिला नाही. "बाई, काम मागे पडेल," असं तो कळवळून म्हणाला, तर तिने त्यालाच ओढून चर्चला नेलं. तिथे त्याने एवढ्या वरच्या पट्टीत गायला सुरुवात केली की पुढच्या बाकावरची माणसं वळून पाहायला लागली.

मागणीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत व्हार्निशचे दोन हात देऊन झाले होते. जिना छान दिसत होता. पण रेमीलेकुन खाली रस्त्यावर उभी राहून मान तिरकी करून बघत राहिली.

"अजून एक हात द्या."

"बाई, हवेत ओल आहे. पाऊस अजून पुरता गेला नाही."

"चेहरा दिसला पाहिजे पायरीत. आँटी ओरेदोलाचा."

सिल्व्हेनसला नाही म्हणायला हवं होतं. पण तिने समोर आल्याचं थंडगार सरबत आणि शेंगदाण्याची वडी आणून ठेवली होती, आणि खाल्ल्या वडीला जागणारा तो माणूस होता. "सकाळपर्यंत खडखडीत वाळेल," असं सांगून त्याने ब्रश उचलला.

सकाळी जिना आरशासारखा चमकत होता. रेमीलेकुनने कौतुकाने कठड्यावर बोट टेकवलं. बोट तिथेच चिकटलं.

दुपारी चढणीखालून गाण्याचे सूर ऐकू आले, तोवर तिने सगळे उपाय करून पाहिले होते. पंखे झाले, वर्तमानपत्रं झाली, प्रार्थना झाली. वर्तमानपत्र तर पायरीलाच चिकटलं. थॉर्पांची मिरवणूक फाटकाशी आली. सगळ्यांच्या अंगावर एकाच छापाचं कापड, पुढच्या मुलीच्या डोक्यावर सजवलेला तुंबा, त्यात बायबल, अंगठी, शकुनाच्या कोला-बिया आणि सुईदोरा. वर दाराशी रेमीलेकुनचा भाऊ क्लॉडियस उभा होता. मागायला आलेल्यांना दाराशी ताटकळत ठेवायचं, ओळख द्यायची नाही, ही रीत. आणि ते काम त्याचं.

"कोण तुम्ही?" क्लॉडियस ओरडला.

"वाटसरू!" खालून ओरेदोला. "तुमच्या बागेत एक गुलाब दिसला, तो मागायला आलोय!"

"वर येऊ नका! जिना ओला आहे!"

खाली हशा पिकला. "वा! जिना ओला आहे म्हणे!" कुणीतरी टाळी दिली. "आमच्या वेळी कुत्रं चावतं म्हणून सांगायचे!"

"अहो, खरंच ओला आहे!"

"आम्ही पोहत येऊ!"

क्लॉडियस जितका कळवळून सांगे, तितकं खालचं गाणं चढत जाई. असा कसलेला नकार देणारा गल्लीने पाहिला नव्हता. शेजारपाजारचे खिडक्यांतून शिट्ट्या मारू लागले. शेवटी ओरेदोलाने झगा उचलला. "पुरे झालं हं, क्लॉडियस!" असं म्हणून तिने पहिल्या पायरीवर दणकून पाय ठेवला.

पायरी तसूभर हलली नाही. पण आत्याबाईंनी पाय उचलला तेव्हा तो एकटाच वर आला. बूट पायरीवरच राहिला.

गाणं थांबलं.

रेमीलेकुन हे खिडकीतून पाहत होती. आता ही बाई हॉलचं नाव काढणार. दुसरी वाट होती ती परसातून, स्वयंपाकघरातून आतल्या जिन्याने वर. पण त्या वाटेने फक्त घरची माणसं येतात. मागणीच्या पाहुण्यांना चुलीपुढून नेणं म्हणजे त्यांचा अपमान. तिने क्षणभर डोळे मिटले, "प्रभू, आता तूच बोल," असं पुटपुटली आणि मागच्या दाराने धावत पुढे आली. रेशमी झग्यावर एप्रन तसाच होता.

"आँटी, चूक माझी. तुमच्यासाठी चकाकी हवी होती म्हणून काल आणखी एक हात मारायला लावला. तुम्हाला परसातून या म्हणायला जीभ रेटत नाही. आणि परत जा म्हणायला जीव होत नाही."

ओरेदोलाने एका पायावर तोल सावरला. पायरीकडे पाहिलं, मग हाताने ती दाबून पाहिली, दांडा हलवून पाहिला. हात चिकट झाला.

"माझ्यासाठी?"

"तुमचा चेहरा दिसावा म्हणून."

ओरेदोला वाकली. पायरीत खरंच तिचा चेहरा दिसत होता, फेट्यासकट. ती हसायला लागली ती अशी की शेजारच्या बाईला तिला धरावं लागलं. "ऐकलंत का रे! मुलगी मागायच्या आधीच हिने आपल्याला घरचं करून टाकलं! चला, परसातून चला!"

एका पायात बूट, एक पाय अनवाणी, अशी ती सगळ्यांच्या पुढे निघाली. मागोमाग तुंबा, गाणं आणि अख्खं थॉर्प कुटुंब. स्वयंपाकघरात तिने न विचारता पातेल्याचं झाकण काढलं, भाजी चाखली.

"मीठ कमी आहे."

"मग घाला की," रेमीलेकुन म्हणाली.

ओरेदोलाने मीठ घातलं, ढवळलं, पुन्हा चाखलं आणि तळलेला मासा उचलून दिवाणखान्याकडे वळली. आतल्या दारात क्लॉडियस दोन्ही हात पसरून आडवा उभा. आठवडाभर पाठ केलेले प्रश्न तो वाया थोडेच जाऊ देणार होता!

"थांबा! कोण तुम्ही? कुठून आलात?"

"तुझ्याच स्वयंपाकघरातून," तोंडात घास असलेली ओरेदोला म्हणाली. "आणि आता मुलगी घेतल्याशिवाय हलणार नाही."