संक्रांतीपर्यंत थांबवलेला गाऊन

सुलतानपूर, डिसेंबर १९६४, रविवार. हजर : वडील (खाटेवर, उजवी बाजू लुळी), आई, मी आणि लोणारहून टेप घेऊन आलेले शिंपीचाचा. गैरहजर : थोरला भाऊ, नोकरीवर.

चाचांना बोलवावे लागले ते माझ्यामुळे. आदल्याच आठवड्यात नागपूरला पदवीदान झाले. तिथे भाड्याचा काळा गाऊन मिळाला, पाठीवर सोडायचा रंगीत हूडही मिळाला. समारंभ संपताच दोन्ही परत करायचे होते. फोटोवाल्यापुढे लांब रांग होती. मी घड्याळ पाहिले आणि कामांच्या वहीतल्या ‘फोटो’वर काट मारली.

घरी आल्यावर वडिलांनी पदवीचा कागद डाव्या हाताने दोनदा फिरवून पाहिला. आयुष्यभर त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवले, स्वतः मॅट्रिकपुढे जाता आले नाही. मग म्हणाले, “फोटो काऊन नाही काढला व?”

“गाडी हुकली असती, बाबा.”

“गाडी दुसरी भेटली असती.”

त्यांना मला गाऊनमध्ये पाहायचे होते. नागपूर त्यांच्याने होणार नव्हते, म्हणून गाऊन इथेच शिवायचा ठरला. मी पाटीवर चित्र काढून दाखवले. चाचांनी पाटी उलटीसुलटी करून पाहिली.

“गुरुजी, बुरखे शिवले, वकिलायचे कोट शिवले. हे कोनतं भूत हाये?”

“भूत नाही, चाचा. बी.ए. हाये,” वडिलांनी सांगितले.

“बाह्या येवढ्या रुंद? पोरगी उडून जाईन ना.”

“जाऊ द्या,” वडील म्हणाले. खाटेवर पडल्यापासून त्यांना हसताना मी प्रथमच पाहिले.

माझी मापे घेऊन होत आली तेव्हा आईने रंग विचारला. काळा म्हटल्यावर तिने हातातली परात खाली ठेवली. “खाटेवर मानूस हाये अन् घरात काळं आनता? चाचा, कापड तुमच्याचकडं राहू द्या. संक्रांतीले घालू दे तिले. त्या दिवशी काळं चालते.”

वडील माझ्याकडे पाहत राहिले. मला तोड बरी वाटली. वडिलांची इच्छा पुरी होत होती, आईचा शब्दही राहत होता, आणि मध्ये फक्त सव्वा महिना होता. मी वहीत लिहिले, ‘गाऊन – संक्रांत’.

गाऊन आठ दिवसांत तयार झाला आणि लोणारला दुकानातच टांगून राहिला. वडील रोज सकाळी विचारत, “किती दिस राह्यले?” मी आकडा सांगे. त्यांचा घास गिळणे जड होत चालले होते. ते मला दिसत होते. त्याचीही मी वेगळी नोंद ठेवत होते.

एका दुपारी आई नदीवर गेलेली असताना त्यांनी मला जवळ बोलावले. “आज यष्टीनं जा अन् घेऊन ये. तिले सांगू नको. मांगच्या गोठ्यापाशी घालून उभी राह्य. मी खिडकीतून पाहातो. घरात कुठं आनायचं हाये?”

मी म्हणाले, “बाबा, आता सहाच दिवस. ठरलंय ना आपलं.”

“हाव,” ते म्हणाले. “ठरलं हाये.” त्यानंतर त्यांनी दिवस विचारले नाहीत.

संक्रांतीला दोन दिवस उरले असताना पहाटे त्यांना दुसरा झटका आला. भाऊ पोचायच्या आत सगळे आटोपले होते. चाचा भेटायला आले, ओट्यावर बराच वेळ बसून राहिले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “बेटी, ते मी आनलं नाही. कधी आनू ते तूच सांग.” वर्षभराने मीच जाऊन गाऊन आणला. अंगात कधी घातला नाही.

या गोष्टीला वीस वर्षे झाली. आई माझ्याकडेच असते. दर संक्रांतीला तिळगूळ वळता वळता तिचा हात थांबतो आणि ती म्हणते, “मीच आडवी आली. तेवढं तरी पाहून गेले असते.” मी म्हणते, “जाऊ दे, आई,” आणि गूळ तिच्याकडे सरकवते. भाऊही तिचीच समजूत घालतो. आमच्या घरात ही चूक आईच्याच नावावर आहे.

गोठ्यापाशी उभे राहायला मला कुणाचीच आडकाठी नव्हती. त्या दुपारी ते मागत होते आणि नाही म्हटले ते मी. घरातली सगळी कामे मी वेळेवर करते, असे आई शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत असते. त्या दुपारचे तिला सांगायचे मात्र अजून राहिले आहे.