पाचोडच्या बोअरचं पाणी आणि माझी एक सूचना

मागच्या सोमवारी आमच्या लॅबमध्ये एक फजिती झाली... आणि ती सर्वस्वी माझी होती.

खतं आणि पाणी तपासणं हे माझं रोजचं काम. लोकांना ते फार भारी वाटतं. खरं म्हणजे अर्धा दिवस काचेची भांडी धुण्यात जातो.

तर पाचोडहून भाऊसाहेब काका आले होते. एका पिशवीत ठिबकमधून सोडायचं खत, दुसरीत पाण्याची बाटली. त्यांच्या मोसंबीच्या पानांच्या कडा जळत चालल्या होत्या आणि दोषी कोण, हे काकांनी आधीच ठरवून टाकलं होतं... खताचा दुकानदार रफिक.

हा रफिक म्हणजे त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. काकांच्या मुलीच्या लग्नात पंगती वाढायला उभा राहिलेला माणूस. आता महिनाभर दोघांचं बोलणं बंद.

"तुमी फकस्त कागद द्या म्याडम. चार मानसं घेऊन जातो दुकानावर," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते.

खत तपासलं. नत्र, स्फुरद, पालाश... गोणीवर छापलंय तेवढंच निघालं. मग पाणी लावलं, तर तेही उत्तम. इतकं उत्तम की क्षार जवळजवळ नाहीतच.

बोअरचं पाणी आणि क्षार नाहीत? मी मीटरवरच वैतागले, पुन्हा पुन्हा तपासला, तर तो बिचारा बरोबर होता. टेबलावर कामाचा ढीग पडलेला... शेवटी रिपोर्ट छापला आणि सही ठोकून मोकळी झाले.

बुधवारी काका आले. खतही चांगलं, पाणीही चांगलं, असं सांगितल्यावर ते कागदाकडे बघतच राहिले.

"मंग झाडं कशानं जळाली? रफिकनं तुमालाबी सांगून ठिवलं काय?"

मला राग आला, खोटं कशाला सांगू. त्या रागातच विचारलं, "काका, हे पाणी भरलं कुठून?"

"घरच्या आरओ फिल्टरचं हाय. तुमीच फोनवर म्हन्ल्या ना, स्वच्छ बाटलीत स्वच्छ पानी आना. लॅबला खारं पानी कसं द्यायचं?"

मी म्हणाले होते खरी. गाळ नको, एवढंच मला सांगायचं होतं. आणि काकांनी पाहुण्याला द्यावं तसं घरातलं सगळ्यात चांगलं पाणी मला आणून दिलं होतं.

काकांची माफी मागितली. मोटार पंधरा मिनिटं चालू द्या, बाटली त्याच पाण्यानं विसळा आणि जसं येईल तसं भरा, असं नीट सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते बाटली घेऊन हजर. त्या पाण्यात मीठच एवढं होतं की पानं जळाली नसती तरच नवल.

पाण्याचं काय करायचं ते मी समजावत होते, पण काकांचं लक्ष नव्हतं. त्यांनी मोबाईल काढला. "रफिक, म्या बोलतो... लई चुकलं माझं. दुकानावर हाईस का?"

पलीकडून काय उत्तर आलं, मला ऐकू आलं नाही. मग काका हळूच म्हणाले, "व्हय, येतो. जेवायलाच येतो."

ते गेल्यावर मी पहिला रिपोर्ट फाडला. माझी सही होती त्यावर. काका मुकाट्यानं तो कागद घेऊन गेले असते, तर बाग गेली असती आणि रफिकही.

काका, त्या दिवशी तुम्ही माझ्यावर संशय घेतलात, त्याबद्दल मनापासून आभार.