पंचेचाळीसचा माणूस

मिसूरीतल्या सीडर प्राँग गावात बाप्टिस्टांची चार चर्च आहेत. चारही एकमेकांना रविवारी नरकात धाडतात आणि बुधवारी एकाच टेबलावर तळलेला मासा खातात. गावाची खरी फाळणी पिस्तुलावरून झालेली आहे. एका बाजूला पंचेचाळीसवाले, म्हणजे पॉइंट पंचेचाळीस इंची, जाड आणि संथ गोळीचे. दुसऱ्या बाजूला नऊवाले, म्हणजे नऊ मिलिमीटरच्या, बारीक आणि चपळ गोळीचे. दोन गोळ्यांच्या रुंदीत फरक गव्हाच्या दाण्याच्या जाडीइतका. तेवढ्या फटीत दोन पिढ्यांचं वैर आरामात मावतं.

व्हर्लिन टॅकेट जन्माने पंचेचाळीसवाला. त्याच्या हॉइटकाकाने महायुद्धात पंचेचाळीसच्या एका गोळीत शत्रूचा धिप्पाड शिपाई आडवा केला, ही कथा त्याने पाळण्यात ऐकली. काका वारला तेव्हा लष्कराचे कागद निघाले आणि कळलं, की तो युद्धभर कॅन्ससच्या छावणीत पाव भाजत होता. व्हर्लिनने ते कागद दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि म्हणाला, "बघा. पाव भाजणाऱ्यालासुद्धा जमलं."

त्याच्याकडे कात्रणांची एक जाड फाइल होती. देशात कुठेही गोळी चालली की तो बातमी कापायचा आणि समासात पेन्सिलीने शेरा मारायचा. पंचेचाळीसच्या एका गोळीत चोर पडला, तर शेरा: 'अपेक्षेप्रमाणे.' पंचेचाळीसच्या पाच गोळ्या खाऊन चोर कुंपणावरून उडी मारून गेला, तर: 'काडतुसं जुनी असणार.' नऊच्या गोळीने चोर निसटला: 'अपेक्षेप्रमाणे.' नऊच्या एकाच गोळीने चोर जागच्या जागी कोसळला: 'हृदयविकार?' तीस वर्षांत एकही बातमी त्याच्या मताविरुद्ध गेली नव्हती. एवढी शिस्त बातम्यांना कुणी लावली असेल असं वाटत नाही.

या फाइलला श्रोते मिळायचे ते महिन्यातून एकदा, दुसऱ्या शनिवारी. गावच्या शूटिंग क्लबात पिस्तुलाच्या परवान्याचा वर्ग व्हर्लिन घ्यायचा. त्याआधी एकतीस वर्षं त्याने घरोघरी गॅसचा टँकर नेला, आणि त्या एकतीस वर्षांत लोकांनी त्याला एकच प्रश्न विचारला: टाकीत किती उरलाय? या वर्गात मात्र दहाबारा माणसं वह्या घेऊन आठ तास बसत आणि त्याला मिस्टर टॅकेट म्हणत. दुपारी प्रात्यक्षिक असे. पाण्याने भरलेले दुधाचे प्लॅस्टिकचे कॅन फळीवर मांडायचे; एक व्हर्लिन पंचेचाळीसने उडवायचा आणि एक वर्गातलं कुणीतरी नऊने, कारण नऊला तो स्वतः हात लावत नसे. पंचेचाळीसचा कॅन फुटला की पाणी छपरापर्यंत जायचं. नऊचा नुसताच फसकन बसायचा. कॅन भरायची त्याची बायको ओलीटा. पंचेचाळीसचे काठोकाठ भरायचे आणि नऊचे खांद्यापर्यंत, ही त्याची सूचना होती.

"सगळे सारखे का भरत नाहीस?" तिने एकदा विचारलं होतं.

"नऊला एवढं पुरे," व्हर्लिन म्हणाला. त्यात त्याला लबाडी दिसत नव्हती. दुबळ्याला कमी वाढायचं, एवढाच हिशोब.

या वर्गावर एकाचा डोळा होता. गेलन बरिस, पोलिसातला निवृत्त डेप्युटी, कट्टर नऊवाला. बावीस वर्षं कमरेला नऊ लावून हिंडला आणि एकदाही माणसावर गोळी झाडायची वेळ आली नाही. तो म्हणायचा, "याहून मोठा पुरावा काय पाहिजे?" दोघे शाळेपासूनचे दोस्त. सकाळची कॉफी एकत्र घ्यायचे आणि एकमेकांचं ऐकायचे नाहीत.

क्लबाचा नियम असा: वर्ग घेणाऱ्याने दर वसंतात परीक्षा द्यायची. सात यार्डांवरून पंचवीस गोळ्या, पैकी वीस वर्तुळात. संधी तीन; तिन्ही हुकल्या की वर्ग दुसऱ्याकडे. व्हर्लिनचे पूर्वी चोवीस-पंचवीस लागायचे. गेल्या दोन वर्षांत एकवीस, मग कसेबसे वीस. यंदा पहिल्या संधीला सतरा लागले. त्याने वाऱ्याकडे बोट दाखवलं. पुढच्या शनिवारी झाडाचं पान हलत नव्हतं आणि सोळा लागले. मग काडतुसांचा खोका खराब निघाला.

त्या संध्याकाळी ओलीटाने भेंडीच्या लोणच्याची बरणी त्याच्यापुढे ठेवली. व्हर्लिनने झाकणाला हात घातला, ओठ आवळले, आणि बरणी परत टेबलावर ठेवली.

"घट्ट लावलीस," तो म्हणाला.

ओलीटाने बरणी उचलली, उघडली आणि त्याच्या ताटात दोन भेंड्या वाढल्या. "अंगठा दाखव."

"काही झालं नाही त्याला."

"बटाट्याएवढा सुजलाय. आणि त्या तोफेचा धक्का दरवेळी त्याच्यावरच बसतो. गेलनचं ते हलकं पिस्तूल घे की एका दिवसापुरतं."

"त्यापेक्षा गलोल घेतो."

"घे मग गलोल. पण वर्ग गेला ना, तर दुसऱ्या शनिवारी दिवसभर तू घरात बसणार. माझ्यासमोर. त्या फाइलीसकट. ते मला झेपायचं नाही, व्हर्लिन, खरंच सांगते."

तो हसला नाही. रात्रभर त्याला एकच चित्र दिसत राहिलं: फळ्यापुढे गेलन उभा आहे, आणि दहाबारा माणसं त्याचं लिहून घेताहेत.

त्यापुढच्या शनिवारी, शेवटच्या संधीला, अर्धं गाव चांदमारीला आलं. येताना लोकांनी खुर्च्याही आणल्या होत्या. क्लबाच्या अध्यक्षबाई, ट्वायला हंबर्ड, कागद घेऊन उभ्या होत्या. व्हर्लिनने पिस्तूल काढलं, सरावाच्या म्हणून दोन गोळ्या झाडल्या. दुसरीने मागच्या मातीच्या बांधाचा टवका उडवला. त्याने पिस्तूल खाली ठेवलं आणि हात पँटच्या खिशात घातला, कुणाला दिसू नये असा.

तेव्हा गेलन पुढे आला. त्याने आपलं नऊ रिकामं करून फळीवर ठेवलं, बाजूला काडतुसं.

"घे."

"तुला वर्ग नको झाला का?" व्हर्लिनने विचारलं.

"वर्ग पाहिजे. पण तुझ्या तोंडून एक वाक्य ऐकायचंय, ते वर्गापेक्षा जास्त पाहिजे. सदुसष्ट सालापासून वाट बघतोय. चोवीस लागल्या की तू म्हणायचं, 'गेलन, तुझं बरोबर होतं.' बस."

"आणि नाही लागल्या तर?"

"तर तू म्हातारा झालास, दुसरं काय?"

व्हर्लिनने ट्वायलाबाईंकडे पाहिलं.

"नियमात पिस्तूल लिहिलंय," बाई म्हणाल्या. "कुठलं ते नाही. लवकर काय ते करा, ऊन चढतंय."

व्हर्लिनने ते हलकं पिस्तूल दोन बोटांत उचललं, दुसऱ्याचा रुमाल उचलावा तसं. "याच्यात काय कमी आहे ते लोकांना दाखवतो," तो मोठ्याने म्हणाला आणि झाडायला लागला. पहिल्या गोळीला तो धक्क्याची वाट बघत होता. धक्का जवळजवळ आलाच नाही. अंगठ्याने तक्रार केली नाही. पाचव्या गोळीपासून तो धक्क्याला विसरला. दहाव्यापासून गेलनला विसरला. शेवटची गोळी गेली. ट्वायलाबाई टार्गेटपाशी गेल्या, दोनदा मोजलं आणि ओरडून सांगितलं, "चोवीस!"

गेलनने टोपी काढली, डोकं खाजवलं. त्याच्या तोंडावर असा आनंद होता, जो मुलाच्या लग्नातही दिसला नव्हता. "बोल आता," तो म्हणाला. "सावकाश बोल. घाई नाही."

व्हर्लिन टार्गेटपर्यंत चालत गेला. वर्तुळाच्या मधोमध भोकांचा गुच्छ होता. त्याने एका भोकात करंगळी घालून पाहिली, करंगळी अडली. त्याचा चेहरा हळूहळू खुलला.

"गेलन," तो म्हणाला, "बघ केवढी बारीक भोकं ही. चोवीस माराव्या लागल्या."

"अरे, परीक्षाच पंचवीसची होती!"

"तेच म्हणतोय मी. पंचेचाळीसच्या सतरा लागल्या होत्या, तरी कागद फाटायला आला होता. आणि दुसरं सांगतो. हे खेळणं पहिल्यांदा हातात घेतलं आणि चोवीस लागल्या. का लागल्या? चाळीस वर्षं पंचेचाळीस पेलल्यामुळे. ज्याने पोतं वाहिलं त्याला उशीचं काय?"

गेलनने हातातली टोपी जमिनीवर आपटली. मग ट्वायलाबाईंकडे वळला. "ऐकलंत? तुम्ही ऐकलंत का हे?"

"मी पास लिहिलंय," बाई म्हणाल्या आणि कागदाची घडी घातली. अशा रीतीने गेलनचा वर्ग एका मिनिटात गेला, आणि वाक्यही. स्वतःच्याच पिस्तुलाने, स्वतःच्याच काडतुसांनी. दोन दिवस तो कॉफीला आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, आणि व्हर्लिनचे चोवीस हा नऊचा विजय कसा, हे शेजारच्या टेबलाला समजावत बसला.

पुढच्या वर्गात व्हर्लिनने ते टार्गेट फळ्याला चिकटवलं. पंचेचाळीसवर शिकलेला हात काय करू शकतो, याचं उदाहरण म्हणून. वर्गात इस्पितळातली एक नर्स होती, जोडी फेंड्रिक नावाची. मनगट इतकं बारीक की घड्याळाच्या पट्ट्याला जादा भोक पाडलेलं. सकाळी व्हर्लिनच्या पंचेचाळीसमधून झाडलेल्या तिच्या सहाही गोळ्या टार्गेट सोडून बांधात गेल्या होत्या आणि आता तिच्या हाताला बर्फ बांधला होता. तिने दुसरा हात वर केला.

"मिस्टर टॅकेट, तुम्ही म्हणता पंचेचाळीस घ्या. पण हे चोवीस तर नऊने लागले ना? मग मी सरळ नऊच का घेऊ नये?"

व्हर्लिनने खडू खाली ठेवला आणि सुजलेला अंगठा पाठीमागे नेला. पोरगी हुशार होती, फक्त अजून तयार झाली नव्हती. त्याला तिची मनापासून कीव आली.

"कारण बाळ," तो म्हणाला, "आधी चाळीस वर्षं काढावी लागतात."

"मी बेचाळीसची आहे," जोडी म्हणाली.

"मग आजच सुरू कर," व्हर्लिन म्हणाला, आणि तिच्या पुढ्यात पंचेचाळीसच्या काडतुसांचा नवा खोका ठेवला.