मुद्दे माझे, तोंड त्यांचं

“परत म्हण. वेळ.”

मी म्हटलं, “वेल.”

वर्ग हसला. सबनीस सर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. वेळ आणि वेल. पहिल्याखाली घड्याळ काढलं, दुसऱ्याखाली पानं. पहिलीतल्या पोरांना शिकवतात तसं. मी नववीत होते.

“वेल भिंतीवर चढतो,” सर म्हणाले. “वेळ निघून जाते. तुझ्यासाठी आम्ही किती घालवायची?”

मला फरक कळत होता. कान शाबूत होते माझे. जीभ टाळूला वळत नव्हती, एवढंच. आमच्या गावात कुणाचीच वळत नव्हती. आमच्याकडे डोळ्याला डोला म्हणतात, आणि त्या डोल्यांना सगळं नीट दिसतं.

गाव डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीला लागून. शाळा पूर्वेला. रोज स्टेशनचा पूल ओलांडायचा की माणसं बदलायची, बोलणं बदलायचं. बाबाची होडी काठावर उलटी घालून ठेवलेली. खाडीत कंपन्यांचं पाणी यायला लागलेलं, मासळीला घासलेटाचा वास यायचा. गिऱ्हाईक मासा नाकाजवळ न्यायचं आणि परत टाकायचं. मग बाबा एका केमिकल कंपनीत लागला. ड्रम उचलायला. आय दुसऱ्या बंदरावरची मासळी आणून बाजारात विकायची.

नव्वद उलटून दोनेक वर्षं झालेली. सबनीस सर आम्हाला मराठी शिकवायचे. त्यांनी वर्गात सांगितलेलं की जगभरातल्या शाळकरी मुलांची एक वादविवाद स्पर्धा असते. देशोदेशीचे संघ येतात. एका संघात तीन वक्ते, प्रत्येकाला आठ मिनिटं. विषय कधीकधी फक्त तासभर आधी देतात. बाजू आपली आपण निवडायची नाही, वाट्याला येईल ती मांडायची. समोरचा बोलत असताना मध्येच उभं राहून त्याला प्रश्न टाकता येतो. ठाण्यातल्या एका संस्थेने त्याच धर्तीवर मराठीतून स्पर्धा सुरू केलेली आणि आमची शाळा त्यात उतरणार होती.

ते ऐकलं आणि मला बाकावर बसवेना. कुठल्या कुठल्या देशातली माझ्याएवढी पोरं उभी राहतात आणि मोठ्या माणसांसमोर म्हणतात, तुमचं चुकतंय, कसं ते सांगतो. कुणी त्यांना गप्प बस म्हणत नाही. उलट घड्याळ लावून बोलायला देतात. मला ते हवं होतं. दुसरं काही एवढं हवंसं वाटलेलं आठवत नाही.

सरावाला राधिकाने भाषण केलं. राधिका वर्गात पहिली यायची, बोलायला लागली की रेडिओ लावल्यासारखं वाटायचं. विषय होता, परीक्षा बंद कराव्यात की नाही. ती आठ मिनिटं बोलली. मी दोन मिनिटांत तिचे तिन्ही मुद्दे मोडले. तिच्याच एका वाक्याने दुसरं वाक्य पाडलं. त्यानंतर सरांनी मला वेळ म्हणायला लावलं, ते मी सांगितलंच.

तास संपल्यावर त्यांनी मला बोलावलं.

“डोकं चांगलं आहे तुझं. पण ऐकणाऱ्याच्या कानाला त्रास होतो. असं करू, तू राखीव राहा. मुद्दे तू काढ, बोलतील राधिका, अमेय आणि मिलिंद. डोकं तुझं, तोंड त्यांचं.”

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू. घरी जाऊन मी आयला सांगितलं की मी संघात आहे. शाळेतून आले की खाडीच्या काठावर जाऊन एकटीच बोलत बसायचे. बाळ, केळं, डोळा, पाणी. जीभ मागे ओढून ओढून टाळू दुखायचा. खेकडे, चिंबोऱ्या पकडायला आलेली पोरं माझ्याकडे बघायची आणि लांबून जायची.

पहिल्या दोन फेऱ्या आम्ही जिंकलो. मी मागच्या खुर्चीत बसायचे आणि चिठ्ठ्या लिहायचे. समोरच्या संघाचा वक्ता बोलत असला की माझं पेन थांबायचं नाही. पाय हलत राहायचे, घाम यायचा. चिठ्ठी पुढे सरकवायची आणि मग राधिकाच्या तोंडून माझं वाक्य ऐकायचं. ती छान बोलायची. प्रत्येक ळ जागच्या जागी. टाळ्या पडायच्या. मी पण वाजवायचे. स्वतःच्याच वाक्याला दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवणं हे कसं असतं, ते वाजवल्याशिवाय कळत नाही.

दुसऱ्या फेरीनंतर फोटो काढायला माणूस आला. राधिका, अमेय, मिलिंद आणि सर उभे राहिले. मी चौथी जाऊन उभी राहिले.

“तू जरा बाजूला हो,” सर म्हणाले. “आणि ह्यांच्या पिशव्या धर.”

मी बाजूला झाले. पिशव्या धरल्या. फोटो शाळेच्या फलकावर लागला. अमेयच्या हातात चिठ्ठी दिसत होती. अक्षर माझं होतं.

महिनाभर तो फोटो तिथे होता. महिनाभर मी त्याच्यासमोरून जाताना मान खाली घातली. चूक माझी असल्यासारखी. एक दिवस आयने विचारलं, कधी बोलतेस तू, मी येते ऐकायला. मी सांगितलं, मी बोलत नाही, लिहून देते.

आय मासळीचं टोपलं घासत होती. हात न थांबवता म्हणाली, “तुना बोलाला देत नाय, मंग जातस कनाला?”

कशाला जातेस, हे ती मला विचारत होती. सगळ्यांना उत्तरं पुरवणारी मी.

अंतिम फेरी ठाण्यात होती, एका मोठ्या सभागृहात. सरांच्या ओळखीच्या माणसाच्या मेटाडोरमधून गेलो. तिथे पोचल्यावर विषयाची चिठ्ठी निघाली. उद्योगांच्या वाढीसाठी निसर्गाची हानी सोसली पाहिजे. आमची बाजू, सोसली पाहिजे. तयारीला एक तास. आम्हाला एका खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं.

सर माझ्याकडे वळले. खूश दिसत होते.

“तुमच्याकडे खाडी आहे ना? कोळी, मासे वगैरे. समोरचे तेच रडगाणं गाणार. ते तोडायचं कसं, तू सांग.”

मला ते तोडता येत होतं. हे मी आजही कबूल करते. वाट्याला येईल ती बाजू मांडायची, हाच तर खेळ होता आणि मला तो खेळ आवडायचा. कंपनीने बाबाचं जाळं बंद पाडलं आणि त्याच कंपनीच्या पगारावर आमची चूल चालत होती. दोन्ही बाजू मला पाठ होत्या. त्या खोलीत दुसऱ्या कुणालाच एकही बाजू माहीत नव्हती.

मी वही उघडली. लिहायला घेतलं, बाबा आता ड्रम उचलतो. आणि हात थांबला. हे वाक्य राधिका म्हणणार. ड्रम कसा असतो हे न बघितलेली. माझ्या बाबाचं जिणं तिच्या तोंडी जाणार आणि ती छान बोलणार आणि टाळ्या पडणार.

“हे मी बोलते,” मी म्हटलं.

“तू? अगं, फायनल आहे.”

“राखीवला बोलायला देता येतं. नियमात आहे.”

“नियम मला शिकवू नकोस. लिही.”

मी वही मिटली.

“मुद्दे माझे आहेत. बोलले तर मी बोलीन. नाहीतर लिहिणार नाही.”

राधिका खाली बघत होती. अमेय म्हणाला, “सर, वेळ चाललाय.” सरांनी दार उघडलं.

“बाहेर बस. आणि परत माझ्याकडे येऊ नकोस.”

मी सभागृहात शेवटच्या रांगेत जाऊन बसले. समोर वाद सुरू झाला. आमची तिघं शुद्ध बोलली. समोरचीही शुद्ध बोलली. प्रगती, पर्यावरण, समतोल. कोळी बांधव असा शब्द दोन्हीकडून आला. मला वाटत होतं कुणीतरी माझ्याच अंगावरून इकडून तिकडे चालतंय.

वाद संपला. निकाल लागेपर्यंत श्रोत्यांपैकी कुणाला बोलायचं असेल तर दोन मिनिटं, असं अध्यक्षांनी जाहीर केलं. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक. मी उठले. उठून पुढे कशी गेले ते आठवत नाही. माईक उंच होता, कुणी खाली केला नाही. मी माईक सोडून बोलले.

म्हटलं, माझा बाबा मासेमारी करायचा. कंपनीचं पानी खाडीत आलं, मासली मेली. आता तो त्याच कंपनीत ड्रम उचलतो. तुम्ही दोन्ही बाजूंनी म्हणता, हानी सोसायची का नाय. सोसनारा कोन, ते कुनीच बोललं नाय. ज्याला सोसायचंय त्याला कुनी विचारलं का?

मागे कोणीतरी हसलं. अध्यक्षांनी हात वर केला.

“बाळ, मुद्दा राहू दे. आधी शुद्ध बोलायचा प्रयत्न कर. पाणी. मासळी.”

काठावर बसून महिनोन्महिने घोटलेलं होतं ते. ऐन त्या क्षणी मला पाणी म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही.

“सर, उच्चार चुकला आसंल. मुद्दा चुकला आसंल तं सांगा.”

कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं. घंटा वाजली. अजून वेळ होता, तरी वाजली. मी खाली उतरले.

आमची शाळा हरली.

दोन दिवसांनी मुख्याध्यापिका बाईंनी आयला बोलावून घेतलं. आय बाजारातून तशीच आली. टोपलं शिपायाने फाटकाबाहेर ठेवायला लावलं. बाईंच्या टेबलावर कोरा कागद होता. शाळेशी गद्दारी केली, सरांचा अपमान केला, क्षमा असावी. असं लिहून सही करायची.

आय कागदाकडे बघत हळू म्हणाली, “लिहून दे गो. कागदच हाय एक.”

आयने मला कधी काही मागितलं नव्हतं. तिचे हात ओले होते, पदराला पुसत होती ती. बाईंसमोर तिला खुर्ची मिळालेली नव्हती. मला तिच्यासाठी लिहावंसं वाटलं. पेन उचललं पण. पण आधी माझं वाक्य त्यांच्या तोंडी होतं, आता त्यांचं वाक्य माझ्या अक्षरात उतरणार होतं.

“नाय लिहिणार,” मी म्हटलं.

“मग वादविवाद, वक्तृत्व, सगळं बंद,” बाई म्हणाल्या.

“ते लिहून द्या.”

“काय?”

“मला शाळेत बोलायला बंदी आहे, ते. कागद इथंच आहे.”

“असं काही लिहून देत नसतात,” त्या म्हणाल्या, आणि कागद ओढून ड्रॉवरमध्ये टाकला.

आयने फाटकाबाहेरचं टोपलं उचललं. पूल ओलांडला, बाजार आला, ती तिच्या जागी बसली. मी घरी गेले. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी तुटक वागली. खुर्चीशिवाय उभं राहताना तिला वाटलेली लाज मी अजून विसरलेले नाही. त्याचं उत्तर मी कुणाकडून घ्यायचं, हेही विसरलेले नाही.

पुढच्या आठवड्यात फलकावर नव्या स्पर्धेचा कागद लागला, इच्छुकांनी नावं लिहावीत. मी पहिलं नाव माझं लिहिलं. खाली गावाचं नाव लिहिलं. दुपारी दोन्ही खोडलेली होती. मी खाली परत लिहिली. दुसऱ्या दिवशी कागदच काढून नेला. नवा लावला. मी लिहिलं.

दहावी संपेपर्यंत त्या शाळेने मला एकदाही व्यासपीठावर चढू दिलं नाही. आणि एकही कागद माझ्या नावाशिवाय राहिला नाही. बंदी तोंडी होती. मी ती तोंडी ऐकणार नव्हते. त्यांना हवं असेल तर त्यांनी लिहावं, सही करावी, कारण द्यावं. तोवर मी नाव लिहिणार. खोडायला त्यांना रोज यावं लागेल.