उत्तर आधी, प्रश्न नंतर

ब्रसेल्सच्या दक्षिण स्टेशनात चौकशीच्या खिडकीशी बसणाऱ्या गोडलीव फेरहागनला समोरच्याचा प्रश्न पुरता ऐकायची सवयच नव्हती. एकतीस वर्षं तेच तेच ऐकून तिचे कान किटले होते. माणूस खिडकीशी पोचायच्या आत बूट, बॅग आणि हातातला नकाशा बघून ती त्याची भाषा ताडायची आणि उत्तर सुरू करायची.

"जुन्या चौकात जायचंय ना? मग इथं कशाला उतरलात? सेंट्रलला उतरायचं. परत गाडीत बसा, चार मिनिटं लागतील. बॅग पाठीवर नको, पोटाशी घ्या. आणि सायकलच्या पट्ट्यात उभं राहून फोटो काढू नका, आमचे सायकलवाले सख्ख्या बापालाही सोडत नाहीत."

दुकानात शिरताना फ्रेंच आणि डच, दोन्ही नमस्कार एका दमात म्हणायचे आणि दुकानदार ज्यात उत्तर देईल त्यात पुढे बोलायचं, हेही ती सांगायची. मॉन्सला निघालेल्यांना बजावायची, की वाटेत डच मुलखात पाटीवर बेर्गन दिसेल, घाबरून उतरू नका, गाव तेच आहे. सल्ला सोळा आणे खरा असायचा. ऐकणाऱ्याला धाप लागायची, एवढंच.

त्या शनिवारी मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सकाळपासून सात वेळा खुर्चीवरून उठली, दोनदा कॉफी आणून थंड केली. दुसऱ्या दिवशी मुलगा वाउटर आणि सून माइते जेवायला येणार होते आणि नामूरच्या घराचं काय ठरलं ते सांगणार होते. नामूर म्हणजे माइतेचं फ्रेंच मुलखातलं माहेर. तिकडे घर घेतलं तर पाच वर्षांची नात नोर दोन गल्ल्यांवरून थेट तासाभराच्या अंतरावर जाणार. बुधवारी शाळा दुपारी बाराला सुटते, गोडलीवची त्या दिवशी सुट्टी असते आणि नोरला आणायला तीच जाते. वाफल खात, रस्ताभर बडबडत दोघी घरी येतात. आठवड्यातले बाकीचे सहा दिवस गोडलीव त्या दुपारच्या जोरावर काढायची.

"अगं, बस की जरा," शेजारच्या खिडकीतली सुकैना म्हणाली. "खुर्चीत खिळे ठोकलेत का कुणी?"

"माइते जाणार बघ सुकैना. मला कळतं."

"तुला सगळंच आधी कळतं. विचारलंस का कधी तिला?"

"विचारायचं काय त्यात? मी तिच्याशी कधी वाकडं बोलले नाही. डच बोलताना अडखळते बिचारी, तर मी लगेच फ्रेंचवर येते. आणखी काय करायचं माणसानं?"

तेवढ्यात खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ आले. कोटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी घसा खाकरला आणि सावकाश डचमध्ये सुरुवात केली, "नमस्कार. मला माझ्या जुन्या..."

"घेंट ना?" कागदावरचं नाव उलटं वाचत गोडलीव इंग्रजीत म्हणाली. "बारा नंबर, नऊ मिनिटांत सुटेल. जिना उजवीकडे."

म्हातारे हलले नाहीत. त्यांनी कागद पुन्हा घडी घालून खिशात ठेवला.

"बाई, मी लिथुआनियाहून आलो," ते इंग्रजीत म्हणाले. "ते वाक्य तीन आठवडे घोकत होतो. मित्राच्या दारात म्हणायचं होतं, म्हटलं आधी तुमच्यावर घासून बघू. तुम्ही निम्म्यातच दार लावलंत."

आभार मानून ते जिन्याकडे गेले. गोडलीवला एकदम माइते आठवली. माइते दोन वर्षं दर मंगळवारी डचच्या वर्गाला जात होती. दर रविवारी ती तोंड उघडायची आणि तिसऱ्या शब्दाला सासूबाई फ्रेंचमध्ये तिची सुटका करायच्या. सुटका! अलीकडे अलीकडे तर माइतेनं तोंड उघडायचंच सोडलं होतं. आपण याला माया समजत होतो याची गोडलीवला लाज वाटली, आणि एकदम आशाही वाटली. उद्या गप्प बसायचं. काय बिघडलंय ते तर कळलं!

रविवारी तिनं हॅममध्ये गुंडाळलेल्या चिकोरीच्या कोंबांवर दुप्पट चीज घातलं. जेवणं झाली, कॉफी आली, नोर पुढच्या खोलीत चित्रं रंगवत बसली. वाउटरनं बोलायला तोंड उघडलं, तर माइतेनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"आई," ती डचमध्ये म्हणाली, "मी... सांगते. नामूरचं घर..."

गोडलीवच्या जिभेवर अख्खं फ्रेंच येऊन उभं राहिलं. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबले.

"घर... आम्ही... गुरुवारी..." माइते शब्द शोधत राहिली. भिंतीवरचं घड्याळ टकटकत होतं. असला छळ गोडलीवनं सणासुदीच्या गर्दीतही सोसला नव्हता. "गुरुवारी आम्ही घेतलं. सही केली. जूनमध्ये जाणार."

वाक्य पुरं झालं.

"तुम्ही आज थांबलात," माइते हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मला वाटायचं, 'आमच्या घरातली भाषा तुझ्यासाठी नाही' असं तुम्हाला म्हणायचंय."

"नाही गं पोरी. कधीच नाही." गोडलीवला रडू आवरेना. चार दिवस आधी, फक्त चार दिवस आधी तो म्हातारा आला असता तर! तिनं रुमालानं नाक पुसलं आणि ड्रॉवरमधून कागद-पेन्सिल काढली.

"आता मला सांग," ती डचमध्येच म्हणाली, "बुधवारी बाराच्या आत नोरच्या नव्या शाळेत पोचायचं तर कोणती गाडी घेऊ?"

वाउटर हसायला लागला. "आई, तू? तू विचारतेस?"

"तू गप रे. मी हिला विचारतेय."

माइतेनं डोळे पुसले आणि बोटांवर मोजत, अडखळत सांगायला सुरुवात केली. दहा वाजून दहाची गाडी. सात नंबर फलाट. उतरल्यावर डावीकडचं दार. छत्री हवीच, तिथे वारा फार.

दहा दहाची गाडी सात नंबरवरून सुटत नाही, चारवरून सुटते. गोडलीवनं खाली मान घालून नीट अक्षरात सात लिहून घेतलं.

"मग?" ती म्हणाली. "डावीकडच्या दारातून बाहेर पडले. पुढे?"