नलूताईंचा पहिला शब्द

वाक्य लिहून झालं की नलूताई उठून खिडकीशी जायच्या आणि ते रस्त्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणायच्या. खालचा भाजीवाला वर बघत राहिला, तर वाक्य पास. नाहीतर पुन्हा खुर्चीत.

उल्हासनगरात आमचा छोटासा स्टुडिओ होता. रिक्षावर भोंगा लावून दुकानांच्या जाहिराती फिरतात, त्या नलूताई लिहायच्या आणि स्वतःच बोलायच्या. मी रेकॉर्डिंग करायचो. एका साडीवाल्या सिंधी शेठचा हट्ट असायचा, "मॅडम, सगळ्याला 'च' लावा ना. पक्का वाटतो."

"शेठ, 'आमच्याकडेच साड्या मिळतात' म्हटलं तर शेजारचे भांडायला येतील. 'आमच्याकडे साड्याच मिळतात' म्हटलं तर तुमचे ड्रेस पडून राहतील. बोला, कुठे लावू?"

शेठ पोट धरून हसायचे.

एका सकाळी अंबरनाथच्या बुवापाड्याहून एक माणूस धावत आला. त्याचे विसरभोळे झालेले वडील पहाटेपासून घरी नव्हते. त्याने कागद पुढे केला: 'तमाम नागरिकांना नम्रपणे कळविण्यात येते की...'

"रिक्षा चालती असते हो," नलूताई हळूच म्हणाल्या. "वळेपर्यंत लोकांना 'नम्रपणे' एवढंच ऐकू जाईल. अंगात काय होतं त्यांच्या?"

"पिवळा स्वेटर. या उन्हातपण काढत नाहीत."

"मग तोच आधी."

"मॅडम, बाबांचं नाव तरी पहिलं घ्या ना. मान राहतो."

"नाव घेऊच, पण शेवटी. रस्त्यात त्यांना नावाने कोण ओळखणार?"

आणि त्या माइकसमोर बसल्या. "पिवळा स्वेटर घातलेले आजोबा दिसले का? त्यांना घरचा रस्ता आठवत नाही. त्यांना बसवा, चहा द्या आणि आम्हाला फोन करा." मग नाव, नंबर.

रिक्षा अंबरनाथ पश्चिमेत फिरली, मग उल्हासनगरात. दुपारी फोन आला. बाजारामागच्या एका टपरीवर आजोबा मजेत बसले होते. टपरीवाला म्हणाला, "चहा द्या म्हणालात ना? देतोय मघापासून. आता बिस्किटं मागतायत."

संध्याकाळी मुलगा पेढे घेऊन आला. म्हणाला, "ताई, लोकांचे आभार मानायचेत. लिहा, तमाम नागरिकांच्या अनमोल सहकार्या..." मध्येच तो थांबला. डोळे पुसत म्हणाला, "नको. आजोबा सापडले. एवढंच बोला."

नलूताईंनी पेन खाली ठेवलं. "यातलं काहीच हलवायचं नाही," त्या म्हणाल्या.

माइकसमोर ते बोलताना त्यांचा आवाज भरून आला. मी ते रेकॉर्डिंग तसंच रिक्षावर दिलं.